दुपारी नमस्कार कळतो, दिवेलागणीनंतर कळत नाही : देखाव्यातल्या कॅमेऱ्याचं समस्या निवारण

लक्षण असं. मंडपात बाप्पासमोर कॅमेरा लावलाय. समोर येऊन कुणी हात जोडले की देखाव्यातली घंटा वाजते आणि समया उजळतात. दुपारी शाळा सुटल्यावर पोरं येतात, पुन्हा पुन्हा हात जोडतात, प्रत्येक वेळी घंटा वाजते. संध्याकाळी सातला खरी गर्दी सुरू होते आणि तेव्हा माणूस हात जोडून उभाच, घंटा गप्प. मागचा ढकलतो, कार्यकर्ता "पुढं चला, पुढं चला" म्हणतो. एखादा जरा जास्त वेळ उभा राहिलाच तर तो तीन पावलं पुढं गेल्यावर त्याच्या नावाची घंटा वाजते. आठच्या आरतीला सगळं उलटं. नमस्कार कुणीच करत नसतं, सगळे टाळ्या वाजवत असतात आणि घंटा थांबायचं नाव घेत नाही.

हे एका दिवसाचं दुखणं असतं तर लिहायला बसलो नसतो. दुरुस्त केलं की दुसऱ्या दुपारी ठणठणीत, आणि सात वाजले की परत तेच. आमच्या मंडळाचं झालं, मग निपाणीहून एकाचा फोन आला, मग खानापूरच्या एका पोराचा. तिघांचाही प्रोग्राम वेगळा, आजार एकच. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतो.

मी बेळगावात सीसीटीव्ही आणि साउंडची कामं करतो. प्रोग्राम पायथन या संगणकाच्या भाषेत लिहिला भाच्यानं, तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सामान साधं होतं: एक जुना लॅपटॉप, यूएसबी वेबकॅम, आर्डुइनो (लॅपटॉपचा हुकूम घेऊन वायरी चालवणारा छोटा बोर्ड) आणि घंटा-दिवे चालूबंद करणारा रिलेचा बोर्ड. ओळखायचं काम मीडियापाइप या गूगलच्या तयार सॉफ्टवेअरमधल्या पोज मॉडेलचं. ते चित्रातल्या माणसाच्या अंगावर ३३ बिंदू ठेवतं. ० म्हणजे नाक, ११ आणि १२ खांदे, १५ आणि १६ मनगटं, २३ आणि २४ कंबर. प्रत्येक बिंदूसोबत तो किती स्पष्ट दिसतोय याचा ० ते १ मधला आकडाही येतो. भाच्याचा नियम सरळ होता: दोन मनगटं जवळ आली आणि सलग २० फ्रेम (कॅमेऱ्यानं काढलेलं एकेक चित्र म्हणजे फ्रेम) जवळच राहिली की नमस्कार. घरात ट्यूबलाइटखाली झकास चालायचं.

पहिल्या संध्याकाळी बंद पडल्यावर आम्ही जे केलं ते तुम्हीही कराल, म्हणून आधी तेच सांगतो. मॉडेल कमी पडतंय असं समजून सगळ्यात जड मॉडेल लावलं. परिणाम आणखी वाईट, कारण लॅपटॉप धापा टाकायला लागला. मग ओळखीच्या खात्रीची मर्यादा ०.५ वरून ०.८ वर नेली. आता तर घंटा वाजायचीच बंद झाली. मग ०.३ वर आणली, तर मागच्या पडद्यावरच्या मावळ्याच्या चित्राला खांदे आणि मनगटं फुटली. रात्री एकला भाचा म्हणाला, "मामा, सकाळी बरं चालालतं की हे. आताच काय झालं?"

माझे मेहुणे वडगावात माग चालवतात. ते खुर्चीवर बसून चहा पीत बघत होते. म्हणाले, "माग बंद पडला की आम्ही आधी धागा कुठं तुटलाय ते बघतोय. तुम्ही सरळ माग उघडून बसालाय." राग आला, पण बोलणं खरं होतं. तीन तास आम्ही स्क्रू पिळत होतो. एकही गोष्ट मोजली नव्हती.

आधी मोजा

प्रोग्राममध्ये प्रत्येक फ्रेमला एक ओळ फाइलमध्ये लिहायला सांगा. त्या क्षणाची वेळ मिलिसेकंदात, मागच्या फ्रेमपासूनचं अंतर, मनगटांमधलं अंतर, आणि दोन्ही मनगटांची स्पष्टता. बस, एवढंच. चित्र साठवू नका. लोकांच्या चेहऱ्यांची गरज नाही, आणि देवाच्या दारात कुणाचं चित्रण करून ठेवणं बरंही नाही. ही फाइल दुपारी चारपासून रात्री नऊपर्यंत चालू द्या आणि मग एक्सेलमध्ये आलेख काढा.

आमच्या आलेखात मनगटांची रेघ बघायची वेळच आली नाही. दुसरी रेघच बोलत होती. दुपारी दोन फ्रेममधलं अंतर ३३ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला ३० फ्रेम. साडेसहाच्या सुमारास ते ६६ वर चढलं. सातनंतर १०० वर जाऊन बसलं. सेकंदाला १० फ्रेम. लॅपटॉपवर ताण तेवढाच, प्रोग्राम तोच, मॉडेल तेच. दिवेलागणीला कॅमेराच मंद झाला होता.

कारण सोपं आहे, पण कॅमेऱ्याच्या डब्यावर ते कुणी छापत नाही. वेबकॅम ऑटो एक्सपोजरवर असतो. उजेड कमी झाला की एकेका चित्रासाठी तो जास्त वेळ उजेड गोळा करतो. ३० फ्रेम हव्यात तर एका फ्रेमला ३३ मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ देताच येत नाही. पण बहुतेक वेबकॅमना आतून सांगितलेलं असतं की चित्र काळं दिसण्यापेक्षा फ्रेम कमी झालेल्या चालतील. व्हिडिओ कॉलवर बसलेल्या माणसासाठी हा सौदा ठीक आहे, तो हलत नाही. हावभाव ओळखणाऱ्याला तो दोन्हीकडून मारतो. फ्रेम कमी होतात, आणि असलेल्या प्रत्येक फ्रेममध्ये हलणारा हात फराटा होऊन येतो. फराट्यावर मनगटाचा बिंदू कुठं ठेवायचा ते मॉडेलला कळत नाही.

तुम्ही म्हणाल, मंडपात तर उजेडाचा पूर असतो. असतो, पण मूर्तीवर. आपल्याकडं सगळे फोकस बाप्पाकडं वळवलेले, भक्त अंधारात. त्यात कॅमेरा मूर्तीच्या पायाशी आणि त्याच्या समोर रस्त्यावरच्या कमानीची रोषणाई. म्हणजे माणसाच्या पाठीमागं उजेड, तोंडावर काळोख. कॅमेरा तिथून हलवू नका, ती जागा बरोबर आहे, लोक मूर्तीकडं तोंड करूनच उभे राहतात. उजेड हलवा. आम्ही दोन साधे पांढरे एलईडी फ्लड दिवे मूर्तीच्या बाजूनं भक्तांच्या तोंडावर येतील असे तिरपे लावले, डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून वर ट्रेसिंग पेपर. अख्ख्या दुरुस्तीत सगळ्यात जास्त गुण याच एका गोष्टीनं आला.

मग एक्सपोजर हातानं बांधून टाका. विंडोजवर कॅमेऱ्याच्या प्रॉपर्टीच्या खिडकीत एक्सपोजरची ऑटोची खूण काढा आणि ‘लो लाइट कॉम्पेन्सेशन’ असेल तर तीही काढा. तिथला आकडा उणे असतो आणि एकेका पायरीला वेळ निम्मा होतो. उणे ५ म्हणजे सेकंदाचा बत्तिसावा भाग, उणे ६ म्हणजे चौसष्टावा. उणे ४ वर गेलात की ३० फ्रेम विसरा. लिनक्सवर हाच आकडा सेकंदाच्या दहाहजाराव्या भागात लिहितात, म्हणून तिथं २०० लिहिलं की बरोबर सेकंदाचा पन्नासावा भाग होतो. हा आकडा मला जास्त आवडतो. आपल्या लायनीची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं स्वस्तातले दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. पन्नासाव्या भागात बरोबर दोन लुकलुकी मावतात आणि चित्रात आडवे पट्टे येत नाहीत. पॉवर लाइन फ्रिक्वेन्सीचं सेटिंग ६० वर असेल तर ते ५० करा. काही कॅमेरे डब्यातून निघतानाच ६० वर असतात. जनरेटरवर गेलात की भाराप्रमाणं त्याची गती वरखाली होते आणि पट्टे हळूहळू सरकताना दिसतात. त्याला इलाज नाही, दहा मिनिटं सोसायचं.

आता हे परत परत का उलटायचं ते सांगतो. हातानं केलेलं हे सेटिंग बरेच वेबकॅम लक्षात ठेवत नाहीत. रात्री मंडप बंद करताना कुणीतरी मेन स्विच पाडतो, सकाळी चालू करतो, कॅमेरा परत ऑटोवर. दुपारी उजेड असल्यामुळं कुणाच्या लक्षात येत नाही, आणि सातला आजार हजर. म्हणून सेटिंग खिडकीत करून थांबू नका. प्रोग्राम सुरू होतानाच कॅमेऱ्याला ते सांगा, आणि कॅमेऱ्यानं ऐकलं का ते परत वाचून पडद्यावर छापा. ऑटो बंद करायचा आकडा विंडोजवर आणि लिनक्सवर वेगळा आहे. लिनक्सवर १ म्हणजे हातचं, ३ म्हणजे ऑटो. काही कॅमेरे मान डोलावतात आणि करत काहीच नाहीत, त्यामुळं शेवटचा पुरावा फ्रेममधलं अंतरच. आम्ही पडद्याच्या कोपऱ्यात ते मोठ्या आकड्यात ठेवलं. चाळीसच्या वर गेलं की लाल. कार्यकर्त्यांना पायथन कळत नाही, लाल कळतं.

फ्रेम मोजू नका, वेळ मोजा

कॅमेरा सुधारला तरी प्रोग्राममधला मूळ घोटाळा तसाच होता, आणि तो आमच्यासारखाच निपाणीवाल्यानं आणि खानापूरवाल्यानंही केलेला होता. ‘सलग २० फ्रेम’ म्हणजे नेमका किती वेळ? दुपारी दोनतृतीयांश सेकंद. रात्री दोन सेकंद. त्याच्या जोडीला बिंदू थरथरू नयेत म्हणून भाच्यानं मागच्या १५ फ्रेमची सरासरी लावलेली. या १५ फ्रेम म्हणजे सरासरीची खिडकी. सरासरी उत्तराला साधारण निम्म्या खिडकीएवढा उशीर करते, म्हणजे दुपारी पाव सेकंद आणि रात्री पाऊण. शिवाय कॅमेऱ्याच्या बफरमध्ये, म्हणजे वाचायच्या राहिलेल्या चित्रांच्या रांगेत, तीनचार फ्रेम तुंबलेल्या. गोळाबेरीज केली तर दुपारी नमस्कार ते घंटा साधारण एक सेकंद, रात्री तीनच्या वर. रांगेतला माणूस हात जोडून सेकंद दीड सेकंद उभा असतो. म्हणजे रात्री आम्ही भक्ताकडून एवढा लांब नमस्कार मागत होतो की जो फक्त परीक्षेला बसलेली पोरंच करतात.

दुरुस्ती अशी: हात जवळ आले त्या क्षणाची वेळ नोंदवा, आताच्या वेळेतून वजा करा, ६०० मिलिसेकंद झाले की घंटा. हात दूर गेले की नोंद पुसा. घंटा वाजल्यावर तीन सेकंद काही ऐकू नका, नाहीतर एकाच नमस्काराला दोनदा वाजते. जवळ आल्याची मर्यादा आणि दूर गेल्याची मर्यादा एक ठेवू नका. आमच्याकडं जवळ म्हणजे खांद्यांच्या रुंदीच्या ०.४ पटीपेक्षा कमी, आणि दूर म्हणजे ०.५५ पेक्षा जास्त. एकच मर्यादा ठेवली की रेषेवर थरथरणारं मनगट आतबाहेर करत राहतं आणि वेळ पुन्हा पुन्हा शून्यावर येते.

सरासरी काढून टाका. मीडियापाइप बिंदू आधीच थोडे गुळगुळीत करून देतं, त्यावर आणखी इस्त्री कशाला? फारच थरथर असेल तर वन युरो फिल्टर लावा. गेरी कासिए, निकोला रूसेल आणि डॅनिएल व्होगल यांनी तो २०१२ मध्ये मांडला. हात स्थिर असला की तो जास्त गुळगुळीत करतो आणि हात वेगात हलला की बाजूला होतो, म्हणून उशीर कमी. लिहायला तीसचाळीस ओळी. पण त्याला खरी वेळ द्यावी लागते.

खरी वेळ म्हटली की मीडियापाइपमधलीच एक खोच. नव्या पद्धतीत व्हिडिओ मोडला प्रत्येक चित्रासोबत मिलिसेकंदात वेळ द्यायची असते. भाच्यानं कुठूनतरी उचललेल्या नमुन्यात ती वेळ ‘फ्रेमचा क्रमांक गुणिले ३३’ अशी होती. दुपारी ते खरं, रात्री खोटं. आतल्या फिल्टरला वाटतं माणूस तिप्पट वेगानं हात हलवतोय. घड्याळाची वेळ द्या, आणि तीही एकसारखी पुढं जाणारी. मोबाइलच्या नेटवरून लॅपटॉपचं घड्याळ मधेच मागं सरकलं तर प्रोग्राम चूक दाखवून थांबतो. त्यासाठी पायथनमधलं मोनोटॉनिक, म्हणजे कधीच मागं न जाणारं, घड्याळ वापरा.

आरतीच्या टाळ्या

यात मला खरी मजा आली. टाळी म्हणजे काय? दोन मनगटं जवळ, दूर, जवळ, दूर. नमस्कार म्हणजे जवळ आणि स्थिर. डोळ्याला फरक लख्ख दिसतो. मग प्रोग्रामला का दिसत नव्हता? कारण परत ती सरासरी. आरतीची टाळी सेकंदाला साधारण दोन, आणि १५ फ्रेमची खिडकी म्हणजे ३० च्या वेगानं अर्धा सेकंद, १० च्या वेगानं दीड. निदान एक अख्खी टाळी खिडकीत बसते. उघडलेले हात आणि मिटलेले हात यांची सरासरी काढली की मधला एक आकडा येतो आणि तो हलतच नाही. स्थिर आणि बऱ्यापैकी जवळ. प्रोग्रामच्या लेखी हा आदर्श नमस्कार! थरथर घालवायला लावलेल्या औषधानं टाळी आणि नमस्कार यांच्यातला फरकच धुवून नेला होता.

त्यामुळं मागच्या ६०० मिलिसेकंदांत मनगटांमधलं सर्वांत मोठं अंतर किती होतं ते बघायचं. टाळीत एकदा तरी हात उघडतातच, तेवढं एक अंतर ०.५५ च्या वर गेलं की नमस्कार नाही. वर सांगितलेला ‘दूर गेले की नोंद पुसा’ हा नियम हेच काम करतो, फक्त त्याच्या आधी सरासरी नको.

तरी आरती शेवटाकडं जलद होते तेव्हा लोक हात फारसे उघडतच नाहीत, नुसते थडाथडा आपटतात. तिथं काही घंटा चुकून वाजतात. मी अध्यक्षांना विचारलं, आरतीपुरतं बंद ठेवू काय? ते माझ्याकडं बघतच राहिले. "अण्णा, आरतीत घंटा वाजली तर बिघडलं कुठं?"

आपल्याकडचा नमस्कार

हातांसाठीचं वेगळं मॉडेल का नाही वापरलं, असं खानापूरच्या पोरानं विचारलं होतं. ते एका हातावर २१ बिंदू ठेवतं, बोटंन्‌बोटं दाखवतं, आणि अंगठा वर किंवा दोन बोटं अशा खुणांना उत्तम आहे. पण नमस्कारात तळवे एकमेकांना चिकटतात. एक हात दुसऱ्याच्या आड जातो आणि मॉडेलला बऱ्याचदा एकच हात दिसतो. ज्या क्षणी ओळख हवी नेमक्या त्याच क्षणी दुसरा हात गायब. म्हणून बोटांच्या मागं न लागता पोजची मनगटं धरा.

तिथंही एक सापळा आहे. दोन्ही मनगटांची स्पष्टता ०.७ च्या वर हवी अशी अट आमच्याकडं होती. जोडलेल्या हातात एक मनगट थोडं झाकलं जातं आणि त्याची स्पष्टता उतरते. म्हणजे हवा तोच हावभाव अट घालून बाहेर काढत होतो. ०.४ केलं. खांद्यांना मात्र ०.७ च ठेवलं, कारण खांदे नीट दिसत नसतील तर बाकी हिशेबाला अर्थ नाही.

अंतर पिक्सेलमध्ये मोजू नका. उंच माणूस जवळ उभा राहतो, पोर लांब. म्हणून मनगटांमधलं अंतर भागिले खांद्यांमधलं अंतर. आणि भागाकार करण्याआधी आडव्या आकड्याला चित्राच्या रुंदीनं आणि उभ्याला उंचीनं गुणा. मीडियापाइप दोन्ही ० ते १ मध्ये देतं, पण चित्र चौरस नसतं. निपाणीवाल्यानं कॅमेरा बदलला, चित्र रुंद झालं आणि सगळ्या मर्यादा बिघडल्या, त्याचं कारण एवढंच. माणूस तिरका उभा राहिला की खांद्यांची रुंदी आकसते आणि गुणोत्तर फुगतं. त्यावर आम्ही मागच्या एका सेकंदातली सर्वांत मोठी रुंदी धरतो.

पण नियम कसाही लिहा, आधी लोक बघा. भाच्यानं स्वतःचा नमस्कार डोळ्यासमोर ठेवला होता: छातीशी, ताठ, फोटोतल्यासारखा. मी एक संध्याकाळ खुर्ची टाकून नुसता बघत बसलो. म्हातारी माणसं हात कपाळाला लावतात. बरेच जण डोक्याच्या वर जोडतात. सौंदत्तीला जाऊन आलेल्या बायका आधी दोन्ही हात वर करून ‘उदो’ म्हणतात आणि मग जोडतात. पोरं एका हातात मोबाइल धरून उरलेला हात छातीला लावतात आणि तोच त्यांचा नमस्कार. कॉलेजातले जाता जाता कपाळ आणि छातीला बोट लावून मोकळे. मनगटं छातीच्या उंचीवर हवीत ही अट मी तिथंच काढायला लावली. कंबरेच्या वर कुठंही चालेल. एका हाताचा नमस्कार मात्र सोडून दिला. तो धरायला गेलो की नाक खाजवलं तरी घंटा वाजते.

गर्दी

जुनी पोज पद्धत एका वेळी एकच माणूस धरते. आधी चेहऱ्याच्या आधारानं माणूस शोधते आणि मग पुढच्या फ्रेममध्ये त्याच जागेच्या आसपास त्याला धरून ठेवते. पुन्हा शोधत नाही, म्हणून वेगवान. रांगेत मात्र माणूस निघून गेला तरी ती त्याच्यामागं जाते आणि नवा माणूस समोर हात जोडून उभा असतो. नव्या पद्धतीत एकाहून जास्त माणसं धरता येतात, पण आमचा लॅपटॉप तेवढ्यावर बसला. उपाय प्रोग्राममध्ये नाही, जमिनीवर सापडला. चित्राचा फक्त मधला तुकडा मॉडेलला द्यायचा आणि बरोबर त्या तुकड्यात येईल अशी फरशीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं दोन पावलं काढायची. पावलं दिसली की आपली माणसं त्यावर उभी राहतातच, सांगावं लागत नाही. बाजूचे लोक कापलेल्या चित्राबाहेर.

खांद्यावरचं पोर हे एक प्रकरण आहे. बापाच्या खांद्यावर पोर बसलेलं, चेहरा पोराचा, धड बापाचं. मॉडेल दोघांचा मिळून एक उंचच उंच माणूस करतं. बापाचे हात पोराचे पाय धरण्यात गुंतलेले, नमस्कार पोर करतं. कधी वाजते, कधी नाही. पोराला कळलं की आपल्या हातानं वाजते, मग ते उतरायला तयार नसतं आणि रांग तुंबते, म्हणून आम्ही त्याच्या फार मागं लागलो नाही.

बाकीचं, थोडक्यात

लाइट जाऊन लॅपटॉप बॅटरीवर आला की विंडोज त्याचा वेग कमी करतं. पॉवर मोड हातानं वरच्या पातळीवर ठेवा. लॅपटॉप मखमली कापडाखाली लपवू नका, तासाभरात तापून आपोआप मंद होतो. आमचा पहिल्या दिवशी मूर्तीच्या चौथऱ्यात कोंबलेला होता.

माझा धंदा सीसीटीव्हीचा, म्हणून आधी मी आयपी कॅमेरा, म्हणजे नेटवर्कवरून चित्र पाठवणारा, लावला होता. चित्र सुंदर, पण ते दाबून, नेटवर्कवरून येऊन, उलगडेपर्यंत सेकंद दीड सेकंद मागं पडतं. चोर बघायला चालतं, घंटा वाजवायला नाही. यूएसबीच लावा, आणि वाचायचं काम वेगळ्या थ्रेडला, म्हणजे प्रोग्रामच्या सोबतीनं चालणाऱ्या वेगळ्या भागाला, द्या. तो सतत वाचत राहील आणि जुन्या फ्रेम टाकून फक्त शेवटची ठेवील. मोठ्या चित्रावर फ्रेम आपोआप कमी येत असतील तर कॅमेऱ्याचा फॉरमॅट एमजेपीजी, म्हणजे प्रत्येक चित्र दाबून पाठवणारा, करा. कच्चं चित्र ७२० च्या आकारात यूएसबी २ च्या वायरीतून ३० च्या वेगानं मावत नाही. आम्ही ६४० बाय ४८० वरच भागवलं.

एक्सपोजर बांधल्यावर घंटेची मोटर चालू होताना आर्डुइनो रिसेट व्हायला लागला. त्याचा कॅमेऱ्याशी संबंध नाही, मोटरचा झटका आहे. मोटरला वेगळा सप्लाय दिला, मिटलं.

कुणी म्हणतं, एक्सबॉक्सचा (मायक्रोसॉफ्टचं गेम खेळायचं यंत्र) जुना किनेक्ट मिळतो, अंगाच्या हालचाली ओळखणारा कॅमेरा, तो लावा. २०१० सालचा तो डबा स्वतःचा इन्फ्रारेड उजेड स्वतः पाडायचा, त्यामुळं अंधाराचं त्याला काही नसायचं, उलट उन्हातच तो गडबडायचा. पण २०१७ पासून एक्सबॉक्सच्या सगळ्याच किनेक्टचं उत्पादन बंद आहे, आणि त्याची वायर बिघडली की अकरा दिवसांच्या मधे बेळगावात कुठं शोधत फिरणार? दोनशे रुपयांचा फ्लड कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो.

जे सुटलं नाही

वाकून नमस्कार. आजीबाई बॅरिकेडच्या बांबूवर कपाळ टेकतात, चेहरा खाली, हात चेहऱ्याच्या खाली, वर फक्त पदर. मॉडेल चेहऱ्यावरून माणूस शोधतं, तोच नाही, मग माणूसही नाही. कॅमेरा खाली घेऊन बघितला, बाजूनं लावून बघितला. भाच्यानं दोन दिवस डोक्यानं खाली जाणाऱ्या रेघेवरून काही बांधायचा प्रयत्न केला, तर चप्पल शोधायला वाकणारेही त्यात सापडायला लागले. शेवटी शिलाई मशीनच्या मोटरचा एक जुना पायदाब आणला, त्याची वायर आर्डुइनोच्या दुसऱ्या पिनेला जोडली आणि तो बॅरिकेडजवळच्या कार्यकर्त्याच्या पायाशी ठेवला. आजी वाकल्या की तो दाबतो. विसर्जनाच्या आदल्या रात्री एक आजी परत आल्या आणि त्याला म्हणाल्या, "काल दोनदा वाजवलास बाबा, आज एकदाच?" त्यानं परत दाबला.